टेकते, गुडघे आवरा

परवा ब्लाउज न्यायला आलेली एक पोरगी माझ्या दुकानात स्टुलावर बसून मोबाइलमधलं मोठ्यानं वाचत होती. म्हणे विमानात आपली सीट मागं घेणं हा अडाणीपणा आहे, शहाण्या माणसानं सरळ बसावं, मागच्याला त्रास देऊ नये. ती पोरगी अजून विमानात बसलेली नाही. मी एकदाच बसलेय. पण तिचा आवाज असा होता की पायलट हिचा मामाच असावा. वाचून झाल्यावर म्हणते कशी, "बरोबरच आहे ना काकी? सरळ बसायला काय जातंय?"

मी कात्री खाली ठेवली. "सरळ बसायला काय जातं, हे तुला सांगणारी गेली बाई," मी म्हणाले. त्या दिवशी तिचा ब्लाउज काही झाला नाही. गिरजाकाकू आठवल्या, आणि त्या एकदा आठवल्या की लवकर जागा सोडत नाहीत.

नांदूरघाटला आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. माझं लेडीज टेलरचं, त्यांचं कापडाचं. दुकान मूळ त्यांच्या नवऱ्याचं, विश्वनाथअप्पांचं. काकू बुटक्या, सावळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला त्यांच्या हाकेला कधी "काय?" म्हणाला नाही. थेट चहाच घेऊन यायचा.

त्यांच्या तोंडी एक शब्द फार. खबर. लाइट गेली की म्हणायच्या, "जायचं तर जा, पण खबर तरी दे." जावई न सांगता आला, तर जेवायला वाढता वाढता त्यालाच म्हणायच्या, "खबर दिली असती तर पुरण घातलं असतं, आता पिठलं खा." मांजर गादीवर उडी मारून बसलं तर त्याला सुद्धा, "खबर न बात, आला पाटील!" आणि पाठ नसलेल्या बैठकीचा त्यांना मनस्वी राग. माझ्या दुकानात मी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, तर त्यावर त्या जन्मात बसल्या नाहीत. "ह्याच्यावर चढून जळमटं काढायची असतात, रेखे. ह्याच्यावर माणूस बसवत न्हाईत." माप द्यायला आल्या तरी उभ्याच.

आता हे टेकण्याचं प्रकरण काय, ते सांगते. आमच्याकडच्या जुन्या कापड दुकानात खुर्च्या नसतात. पांढरीशुभ्र गादी असते आणि गादीला कापसाचा एक लांब लोड. त्या लोडाला टेकून जो बसतो तो दुकानाचा मालक. बाकीचे नुसते बसतात. कुणी मोठं माणूस पायरी चढलं की टेकलेल्यानं पाठ सरळ करायची, लोड उचलायचा आणि त्याच्याकडं सरकवायचा. कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आणि घरच्या बाईनं लोडाला टेकायचा तर प्रश्नच नाही. बाईनं आतल्या दाराच्या आड फरशीवर बसून कापडाच्या घड्या घालायच्या. विश्वनाथअप्पा होते तोवर काकूंनी हेच केलं. गठ्ठे उचलले, घड्या घातल्या, पाठीला भिंत सुद्धा नव्हती, कारण भिंतीला कपाटं होती.

अप्पा झटक्यानं गेले. महानंदा, त्यांची एकुलती पोर, तेव्हा शाळेत होती. अप्पांचे धाकटे भाऊ नागनाथअप्पा, त्यांचं चौकात खताचं दुकान, गावात वजन. दुखवटा उतरला तसं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "वहिनींनी आता घर बघावं, गादी मी बघतो." बोलणं मायेचंच होतं. अशी माया मी फार बघितलीय. दुकान गेलं असतं, पोरीची शाळा गेली असती आणि काकू परत आतल्या फरशीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर शेजारचं शटर आधीच वर. आत बघितलं आणि हातातला झाडू हातातच राहिला. काकू गादीवर. नुसत्या गादीवर नाही, लोडाला टेकून, एक पाय लांब करून, डोक्यावर पदर व्यवस्थित. मला म्हणाल्या, "बघतीस काय? झाड की."

थोड्या वेळानं नागनाथअप्पा आले. सोबत समाजातली दोन वयस्क माणसं. पायरी चढून तिघं उभे राहिले, आणि मी माझ्या दारातून बघत होते. आता काकू सावरून बसणार, लोड पुढं करणार, अप्पा टेकणार आणि गादी तिथंच गेली, असं सगळं ठरल्यासारखं होतं. काकूंनी मान वळवून मागं बघितलं. मागं नुसती भिंत आणि साड्यांचे कप्पे.

"मागं कुणी न्हाई," काकू म्हणाल्या आणि परत टेकल्या. "बसा अप्पा. चहा सांगू का?"

"वहिनी, मोठी माणसं आलीत," नागनाथअप्पा म्हणाले.

"दिसतंय की. म्हणून तर चहा सांगते."

"लोड सोडा म्हणतो मी."

"लोड दुकानाचा हाय. दुकान सोडीन तवा सोडीन."

त्या वयस्क माणसांनी चहा घेतला, सरळ पाठीनं बसून. नागनाथअप्पांनी घेतला नाही. जाताना ते पायरीवरून म्हणाले, "पोरीचं लग्न जमवायला माझ्याच दारात याल." काकूंचा चेहरा तेवढा एकदा उतरलेला मी बघितला. पण पाठ लोडावरून हलली नाही.

पुढं एकदा काकू कपिलधारला दर्शनाला गेलत्या. नागनाथअप्पांकडं दुकानाची जुनी चावी होती. त्यांनी दुकान उघडून लोड उचलला आणि आपल्या खताच्या दुकानात नेऊन ठेवला. भांडण नाही, तंटा नाही, नुसता लोड नेला. आमच्या गावात ह्याचा अर्थ शेंबडं पोर सुद्धा सांगेल. काकू परत आल्या, गादीकडं बघितलं आणि मला हाक मारली, "रेखे, मशीन मोकळी हाय का गं?"

पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला. मी दुहेरी मांजरपाटाची खोळ शिवली. काकू मापच थांबवेनात. "आजून लांब घे. आजून. आगं घे बे, कापड काय तुझ्या बापाचं हाय?" त्या बाईनं मला 'बे' म्हणायची ती पहिली आणि शेवटची वेळ. लोड झाला तो असा की दुकानाच्या दारातून आत घ्यायला मला आणि चहावाल्याला घाम फुटला. काकूंनी त्यावर थाप मारली आणि टेकल्या. "आता न्हे म्हणावं उचलून," म्हणाल्या. कुलूप पण बदललं. त्यानंतर गादीचा विषय गावात कुणी काढला नाही, आणि महानंदा शिकत शिकत बेंगळुरूपर्यंत गेली. लग्न तिनं तिचंच जमवलं. नागनाथअप्पा अक्षता टाकायला आले होते.

पण काकू कुणाच्याही अंगावर रेलायच्या, असं समजू नका. त्यांचा कायदा त्यांच्यापुरता पक्का होता. टेकायच्या आधी मागं बघायचंच. मागं माणूस असलं तर त्याला सांगायचं, "टेकते. गुडघे आवरा." एस.टी.त, ट्रॅव्हल्समध्ये, लग्नाच्या मांडवातल्या खुर्चीत, सगळीकडं हेच. लोकांना वाटायचं बाई परवानगी मागतेय. ते तोंड उघडायच्या आत काकू टेकलेल्या असायच्या. आणि जेवणाऱ्याच्या अंगावर टेकायचं नाही, हे दुसरं कलम.

एकदा आम्ही बीडहून नगरच्या गाडीत बसलो होतो. मऊ सीटची, मागं होणारी गाडी. काकूंनी नेहमीप्रमाणं मागं बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मागं एक तरणा गडी, पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर, पाय आमच्या सीटला लावून तिरका बसलेला. तो बिचारा काही बोलला नव्हता. काकू सरळ बसल्या. त्या रस्त्याचे खड्डे मी काय सांगू! प्रत्येक खड्ड्याला काकूंच्या तोंडातून शिवशिव निघायचं, पण पाठ सीटला लावली नाही. मी म्हणाले, "काकू, थोडं तरी टेका." तर म्हणतात, "त्याचा पाय मोडलाय, माझं काय मोडलंय?" वाटेतल्या कडा गावाला तो गडी कुबड्या घेऊन उतरला. काकूंनी खिडकीतून तो नीट उतरल्याचं बघितलं, मग मागच्या रिकाम्या सीटकडं बघून म्हणाल्या, "टेकते," आणि नगर येईपर्यंत घोरल्या.

आता विमानाचं. महानंदानं बेंगळुरूला घर घेतलं, वास्तुशांतीला आईला बोलावलं, सोबतीला मला. पुण्याहून विमान. काकूंना उडायची भीती नव्हती, सीटची काळजी होती. "बाकडं तर न्हाई ना गं?" हे त्यांनी मला वाटेत किती वेळा विचारलं असेल! आत बसल्यावर सीट ताठ बघून त्या नाराज झाल्या. विमान वर गेलं, आणि पुढच्या माणसानं आपली सीट मागं घेतली. काकूंचे डोळे चमकले. "हे मागं होतं व्हय! रेखे, बटण शोध."

बटण सापडलं. काकूंनी पट्ट्यातच वळून मागं बघितलं. मागं एक पांढऱ्या कडक कपड्यातले गृहस्थ, बोटात अंगठ्या, कपाळाला आठ्या. कुठल्या तरी सोसायटीचे चेअरमन असावेत. बोलण्यावरून आपल्याकडचेच.

"टेकते. गुडघे आवरा," काकू म्हणाल्या आणि टेकल्या.

मागून सीटला गुडघा बसला. "ओ मावशी! सीट पुढं घ्या. मागं माणूस बसलाय, दिसत न्हाई का?"

"दिसला म्हणून तर खबर दिली."

"खबर काय देता? विचारायचं आसतं."

"विचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हणले आसते," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी तर टेकलेच आसते. मग तुमचा शब्द मोडला आसता. म्हणून मी इचारतच न्हाई कुणाला."

आजूबाजूची माणसं हसायला लागली. चेअरमन लाल झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागं वळून म्हणाले, "साहेब, राग नका धरू. त्यांची पाठ फार दुखते हो. मणक्याचा त्रास आहे."

ते खोटं नव्हतं. गठ्ठे उचलून उचलून काकूंच्या मणक्याचा भुगा झाला होता, डॉक्टरनं पट्टा दिला होता. चेअरमन जरा निवळले. "मग तसं सांगायचं की," म्हणाले. आणि काकू माझ्याकडं वळल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर अशा कधी चिडल्या नव्हत्या.

"कावून सांगितलंस?"

"काकू, भांडण नको म्हणून..."

"पाठ दुखती म्हणून टेकू दिलं तर ती भीक झाली गं! उद्या पाठ बरी झाली तर मी काय करायचं? उठून बसायचं? ह्यांची पाठ दुखती का? ते कावून टेकलेत मग?" त्यांनी परत मान वळवली. चेअरमन साहेबांची सीट चांगली मागं गेलेली होती. त्यांच्या मागं एक बाई मांडीवर लेकरू घेऊन अंग चोरून बसलेली. "बाई, ह्यांनी तुला खबर दिली होती का?" काकूंनी त्या बाईला विचारलं. ती बाई ओठ दाबून हसली आणि तिनं नाही म्हणून मान हलवली. "बघा," काकू चेअरमनना म्हणाल्या. "मला टेकायचंय म्हणून मी टेकले. पाठीचं नाव काढू नका."

मग खाण्याची गाडी आली. चेअरमननी सँडविच घेतलं, आणि त्यांनी काही म्हणायच्या आत काकूंनी बटण दाबून सीट सरळ केली. ते बिचारे चमकलेच. त्यांचं खाऊन होईपर्यंत काकू ताठ. मी हळूच म्हणाले, "आता राहू द्या ना काकू." त्यांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. मागून कागद चुरगळल्याचा आवाज आला तशी त्यांनी मान वळवली. "झालं जेवण? टेकते. गुडघे आवरा." ह्या वेळी चेअरमननी गुडघे आवरले. मी डोळ्यांनी बघितलं.

खरा घोळ शेवटी झाला. विमान खाली यायला लागलं आणि हवाईसुंदरी आली. गोड आवाजात म्हणाली, "आजी, सीट सरळ करा."

विमान उतरताना सगळ्यांनाच सरळ करायला लावतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक? माइकवर सांगितलं असेल, पण आमचं लक्ष खाली दिसणाऱ्या घरांकडं. काकूंना एकच अर्थ कळला. सरळ बस, कारण कुणी तरी मोठं आलंय. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. नागनाथअप्पा पायरी चढले होते तेव्हाचा तो चेहरा.

"कुणी सांगितलं? ह्या चेअरमननी?"

"नाही आजी, नियम आहे."

"आमच्याकडं बी नियमच होता," काकू म्हणाल्या. "तो कुणासाठी होता ते मला ठाऊक हाय. न्हाई करत."

पोरगी हुशार होती. ती काकूंच्या जवळ वाकली. "आजी, विमान उतरताना सगळ्यांना सरळ बसावं लागतं. गडबड झाली तर मागच्या माणसाला पटकन निघता आलं पाहिजे. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

"ह्यांना बी?"

"त्यांना पण."

"मग त्यांची आधी कर. मी बघते."

आणि खरोखर त्या पोरीनं चेअरमनना सांगितलं, "सर, तुमची पण सीट सरळ करा." काकू पट्टा ताणून, मान पुरती वळवून बघत बसल्या. चेअरमननी बटण दाबलं. मागच्या लेकुरवाळीनं पाय लांब केले. मग काकूंनी स्वतःची सीट सरळ केली आणि हात मांडीवर ठेवले. "सगळ्यांना एकच कायदा आसल तर माझं काही म्हणणं न्हाई," त्या मला म्हणाल्या. "मी काय येडी हाय का?"

गेल्या थंडीत काकू गेल्या. बीडच्या दवाखान्यात चार दिवस काढले आणि गेल्या. शेवटी भेटायला गेले तेव्हा बोलणं बंद होतं, पण पलंगाचा डोक्याकडचा भाग वर कर असं त्यांनी हातानं खुणावलं, तेवढं मी केलं. महानंदा विमानानं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदूरघाटला सगळे जमले.

लिंगायत समाजात माणूस गेलं की निजवत नाहीत. बसवतात. आंघोळ घालून, विभूती लावून, हातात लिंग देऊन, मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं नेऊन समाधी देतात. ट्रॅक्टरची ट्रॉली केळीच्या खुंटांनी आणि झेंडूनं सजवली होती. काकूंना मधोमध बसवलं. नवी साडी, ब्लाउज मी रडत रडत शिवलेला. मागं धरायला घरातला वडीलधारा माणूस पाहिजे, म्हणून नागनाथअप्पा एका पेटीवर बसले. ते आता थकलेत, पण पाठ अजून ताठ. काकू एका बाजूला कलायला लागल्या.

"मागनं फळी लावा आन बांधा घट्ट," नागनाथअप्पा म्हणाले. "सरळ राहतील."

सरळ राहतील! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. तो माणूस वाईट बोलला नव्हता, मला कळत होतं. पण एक जण खरंच फळी घेऊन आला, दुसऱ्यानं दोरी सोडली, आणि मला ते बघवेना. मी दुकानाकडं पळाले. महानंदा मागोमाग आली, तिला सांगावं लागलं नाही. दोघींनी तो राक्षसासारखा लोड गादीवरून ओढत बाहेर काढला. चहावाला धावला, तिघांनी मिळून तो ट्रॉलीवर चढवला.

"लोड कशाला आता?" कुणी तरी म्हणालं. दुसरी एक बाई समजुतीनं म्हणाली, "राहू द्या हो. त्यांची पाठ लई दुखायची ना."

"पाठीचं नाव काढू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "काकूंना टेकायचंय म्हणून."

लोड काकूंच्या मागं लावला. तो एवढा मोठा की थेट नागनाथअप्पांच्या पायांवर आला. ते म्हणाले, "आगं, पण मी पाय कुठं ठेवू?"

मी लोडावरून मागं बघितलं. आधी मागं बघायचं असतं.

"अप्पा," मी म्हणाले, "काकू टेकतायत. गुडघे आवरा."

महानंदानं पदर तोंडात कोंबला, ती रडत होती की हसत होती देव जाणे. नागनाथअप्पा माझ्याकडं बघत राहिले, मग लोडाकडं. मग त्यांनी एक एक करून दोन्ही गुडघे पोटाशी घेतले.

काकूंना आम्ही टेकवलं. मान जराशी वर झाली, गादीवर बसून गिऱ्हाइकाकडं बघायच्या तशी. ट्रॅक्टर सुरू झाला आणि दुकानावरून, चौकातल्या खताच्या दुकानावरून गेला. बायका वेशीपर्यंतच जातात, मी तिथंच थांबले. वळणावर दिसल्या त्या शेवटच्या. काकू पाठ टेकून निवांत बसलेल्या, आणि त्यांच्या मागं नागनाथअप्पा, गुडघे दोन्ही हातांनी छातीशी धरून.